विहीणबाईंसाठी केलेला गार चहा

चहा गार झाला की तो परत गरम करायचा, एवढी एकच गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना न सांगता कळते.

साताऱ्याला लेकीचं लग्न पक्कं करायला गेलो, तेव्हा विहीणबाईंनी उंच काचेच्या ग्लासांतून गार चहा पुढं केला. बर्फ, लिंबू, वर पुदिन्याचं पान! माझ्या तोंडून निघून गेलं, "जरा गरम करून देता का?" सगळी बैठक हसली. लेक सांगलीत घरी पोचेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. (एवढं काय पाप केलं होतं मी?)

म्हणून मे महिन्यात विहीणबाईंचं पहिल्यांदा आमच्याकडं यायचं ठरलं, तेव्हा मी चंगच बांधला. गार चहाच पाजायचा, आणि त्यांच्यापेक्षा भारी! साखर कशाला? सांगलीत गुळाला काय तोटा! चहा उकळला, गाळला, गरम असतानाच गूळ विरघळवला, निवल्यावर चार लिंबं पिळली आणि पातेलं फ्रीजमध्ये ठेवलं. आमच्या ह्यांनी झाकण उचलून विचारलं, "काढा कुणाला? खोकला झालाय का?" माणसाला कशाचं कौतुक म्हणून नाही!

पाहुणे आले. मी पाणी दिलं आणि शेजारी उंच ग्लास मागायला गेले. पाच मिनिटं! फक्त पाच मिनिटं! परत येते तर स्वयंपाकघरातून आल्याचा वास. कऱ्हाडजवळच्या खेड्यातून मदतीला आलेल्या माझ्या थोरल्या नणंदबाई, आक्का, गॅसपाशी उभ्या. गॅसवर माझं पातेलं. रटरटतंय!

"आक्का! काय केलंत हे?"

"आगं, चा कवापासनं फ्रीजात पडलाय. पाव्हण्यांस्नी गार चा द्यायचा व्हय? आलं घातलं, दूध बी वतलं."

"दूध? आवं, लिंबू पिळलंय त्यात!"

"लिंबू? चात?" आक्कांनी वाकून पाहिलं. दूध फाटून गोळे वर आले होते. "आन मी त्या गवळ्याला लय शिव्या दिल्या की गं!"

मला रडूच कोसळलं. लेकीच्या सासरी मान वर करायची एकच संधी होती, आणि ती गॅसवर फाटून पडली होती! आक्कांना त्याचं काही नाही. त्यांनी सगळं मोरीत ओतलं, दुसरं आधण ठेवलं, आलं ठेचलं, साईसकट दूध घातलं आणि मला न विचारता कप बाहेर नेले.

विहीणबाईंनी घोट घेतला आणि डोळेच मिटले. दुसरा कप मागून घेतला!

"खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "तो गार चहा मी फक्त पाहुण्यांसाठी करते. मला स्वतःला सोसतच नाही. तुम्हालाही नाहीच ना आवडला?"

आता इथं खरं बोलून मोकळं व्हायचं की नाही? पण दोन दिवस मरमर राबले होते मी! शेजारणीचे ग्लास अजून हातात होते! मी ताठ मानेनं म्हणाले, "छे हो! त्या दिवशी घसा बसला होता म्हणून गरम मागितला. एरवी मी रोज गारच पिते!"

तेव्हापासून साताऱ्याला गेलं की सगळ्यांना आल्याचा वाफाळता चहा मिळतो. मला मात्र विहीणबाई प्रेमानं दोन ग्लास गार आणून देतात, आणि ते संपेपर्यंत समोर बसून राहतात.