सोयाबीनवरचे ‘अमर रहे’

फौजी मामा आपले सोयाबीन स्वतःच्याच श्रद्धांजलीच्या फलकाखाली झाकून ठेवत. सैन्यातून निवृत्त होऊन ते दारव्ह्याजवळच्या आमच्या तांड्यावर परतले, तेव्हा स्वागताचा फ्लेक्स छापणाऱ्याने सवयीने त्यांच्या छायाचित्राखाली ‘अमर रहे’ टाकले. फौजीसाठी त्याच्याकडे तेवढा एकच नमुना तयार होता. जीपमधून उतरताच मामांनी फलक वाचला, स्वतःची नाडी पाहिली आणि म्हणाले, “अजून चालू हाये. पण फ्लेक्स मजबूत दिसते, फेकू नका.”

युद्धपट पाहताना ते नको तिथे हसत. छातीत गोळ्या घेतलेला नायक भाषण करू लागला, की मला विचारत, “याले एवढा दम कुठून येऊन राह्यला? तू सायन्सवाली हायेस, सांग.” मी गंभीरपणे फुप्फुसांची रचना समजावू लागले, की आणखी हसत. त्यांची सारी नोकरी सैन्याच्या भटारखान्यात गेली होती. ‘किती मारले?’ या पोरांच्या प्रश्नाला त्यांचे उत्तर ठरलेले: “मच्छर धरून?”

गेल्या हिवाळ्यात त्यांनी तांड्यातच युद्धपट काढायचा घाट घातला. कॅमेरा म्हणजे माझा मोबाइल. कथा अशी: जवान शहीद झाल्याची अफवा येते, गाव पुतळ्यासाठी चौथरा बांधते आणि जवान धडधाकट परततो. सारे गाव हिरमुसते. शहीद व्हायला आमच्याकडे पोरांची झुंबड उडाली. परत यायला मात्र कोणी तयार होईना. अखेर मामाच जवान झाले आणि त्यांच्याहून वयाने लहान असलेली कमळायाडी त्यांची आई. आमच्याकडे आईला याडी म्हणतात.

प्रजासत्ताकदिनी प्रोजेक्टर देण्यापूर्वी सरपंच अडून बसले. “शेवटी मरा न मामा! फौजी जिताच आला तर लोकाइले जोश कसा येईन?”

मामांनी उत्तर द्यायला तोंड उघडले. तेवढ्यात कमळायाडी पुढे झाली. तिचा थोरला खरोखरच सीमेवर होता.

“सरपंच, माहा पोरगा जिता आला तर चालते का नाही तुमाले? पह्यले ते सांगा.”

प्रोजेक्टर मिळाला. शेवटच्या दृश्यात याडी जवानाला रिकाम्या चौथऱ्यावर बसवून भाकर वाढते. सरपंचांनी टाळी वाजवली नाही. पण ती भाकर पाहून भूक लागली, असे नंतर कबूल केले.

यंदा सोयाबीन निघाल्यावर मी संशोधनासाठी परदेशी निघाले. ‘नाव काढ’ असे सगळ्या तांड्याने बजावले. मामा मात्र जीपच्या खिडकीशी वाकले.

“नाव निघो न निघो, तू परत ये पोरी. आमाले चौथरा बांधाले लावू नको.”