कुमुद पांढरीपांडे हाजिर करा!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी सांगायला लागले की मध्ये कोणी दात काढायचे नाहीत. फजिती माझी आहे, तिच्यावर हसण्याचा पहिला हक्क माझा.

तर आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळाच्या मागे एक मैदान आहे. मैदान कसलं, मंडळाला आजवर काही बांधायला सुचलं नाही म्हणून उरलेली जागा. तिथे मी संध्याकाळी बारा मुलींना क्रिकेट शिकवते. मी विद्यापीठाच्या संघातून खेळलेय. हे मी सहसा कोणाला सांगत नाही, दिवसातून चार-पाच वेळा सोडलं तर.

मंडळातल्या ज्येष्ठांना त्या जागेवर टिनाची शेड हवी होती. कशासाठी? प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवायला! म्हणजे खुर्च्यांना छप्पर, आणि मुलींना रस्ता. वर्षातून दोनदा बसायच्या त्या खुर्च्या, बसणारे तेच सोळा जण, आणि त्यातले नऊ डुलक्या काढणारे!

मी थेट त्यांच्या बैठकीत घुसले. अध्यक्ष अण्णा चष्मा पुसत बसले होते. हे अण्णा आमच्या थोरल्या काकांचे मित्र, म्हणजे मला अक्कल शिकवायचा परवाना त्यांना जन्मापासून मिळालेला.

"काहून ओरडून राहिली, मुग्धा? बस. चहा घे."

"चहा नको. तुम्हाला माहीत तरी आहे का, याच मैदानावर खेळून एक मुलगी भारताच्या संघात गेली होती? अष्टपैलू होती ती! बॅटिंग करायची, ऑफस्पिन टाकायची!"

"अगं हो, म्हणजे आपली..."

"'आपली' म्हणू नका, अण्णा! तुमची कशी झाली ती? कधी सत्कार केलात तिचा? कुठे आहे, कशी आहे, विचारलंत कधी?"

अण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि गालातल्या गालात हसले. मला वाटलं, म्हातारा ओशाळला.

"अच्छा," ते म्हणाले. "चलो, मग असं करू. येत्या रविवारी वर्धापनदिन आहे. तू तिला मंचावर हाजिर कर. आम्ही सत्कार करतो, अन् मैदान पोरींचं. नाही आणलं, तर सोमवारी टिन येते."

"आणते!" म्हणाले मी. आणि पाय आपटत निघाले.

ही माहिती मला मिळाली होती मंडळाच्या कपाटातल्या एका जुन्या स्मरणिकेत. टपाल तिकिटाएवढा फोटो, डोक्यावर मोठी टोपी, तिच्या सावलीत सगळा चेहरा गडप. खाली ओळ होती: कु. कुमुद पांढरीपांडे, अष्टपैलू, भारतीय संघात निवड. बस. मैदान आणि ऑफस्पिन मी पदरचं घातलं होतं. पुढच्या पानावर लगेच पुरणपोळी स्पर्धेचा निकाल, तोही मोठ्या अक्षरात. यावरून ओळखा मंडळ.

घरी मी काही बोलले नाही. सांगायचं कोणाला? बाबांना क्रिकेट म्हणजे फक्त पुरुषांचं दिसतं. आणि वर राहतात आमच्या मंगलकाकू. बाबांच्या थोरल्या भावाची बायको. काका गेल्यापासून त्यांचं जग म्हणजे सकाळी तुळस, दुपारी मालिका, आणि मी अंगणात बॉलिंगचा हात फिरवायला लागले की गॅलरीतून सूचना.

"मुग्धा, मनगट उशिरा फिरवून राहिली तू."

"काकू, तुमची भाजी लागतेय."

आता सांगा, असलं कोण ऐकून घेईल?

त्या आठवड्यात मी रोज उन्हातून लाल होऊन यायचे. काकूंनी एकदा ताकाचा ग्लास पुढे केला. "कोणाला शोधून राहिली एवढी? मला सांग ना. जुने लोक मला माहीत आहेत."

"तुमच्या काळातलीच एक बाई आहे, काकू. पण तुम्हाला नसेल माहीत. ती घराबाहेर पडायची."

काकू रिकामा ग्लास घेऊन वर गेल्या. बघा, इथे तुम्हाला माझा राग यायला हवा. मला तेव्हा स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

कुमुदचे वडील, पांढरीपांडे मास्तर, पूर्वी गावातल्याच गढा मोहल्ल्यात राहायचे, एवढं कळलं. मी तिथे गेले. घराच्या जागी आता पिठाची गिरणी. गिरणीवाले भैया पिठात बुडालेले.

"पांढरीपांडे मास्साब? वो तो कब के गुज़र गए, दीदी. एक लड़की थी, क्रिकेटवाली."

"कुमुद ना? कहाँ है वो?"

"यहीं शहर में ब्याही है, किसी मराठी घर में. अभी पिछले महीने गेहूँ पिसवाने आई थीं. अब तो उनको सब..."

"बस भैया, ज़िंदा हैं, इतना काफ़ी है!" आणि मी स्कूटीला किक मारली.

आता माझी बुद्धी पाहा. मी हिशेब केला की लग्नानंतर आडनाव बदललं असणार, पण कुमुद तर कुमुदच राहणार ना? नाव थोडंच कोणी बदलतं? मंडळाची सभासद यादी पालथी घातली. एकही कुमुद नाही. तेव्हा मी तोंड वाकडं करून म्हणाले, असणार कशी? असल्या मंडळात कर्तबगार बाई टिकेल कशाला?

शनिवारी दुपारी घमापूर मोहल्ल्यात कुमुद सापडली! निवृत्त पीटी टीचर, वय जुळणारं, सून मराठी, म्हणजे घर मराठी झालंच, भिंतीवर मेडल्स. मी दारातच वाकून नमस्कार केला.

"मैडम, आप खेलती थीं ना?"

"हाँ बेटा, बहुत. नेशनल तक. पर मैं तो..."

"बस! बाकी का मंच पर बोलिए."

"अरे, पहले सुन तो, मेरा मायका सागर का..."

"मैडम, आपको इन लोगों ने भुला दिया, मैंने नहीं!"

कुमुद मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. "तू सुनती बहुत कम है, बेटा," त्या म्हणाल्या. मला ती शाबासकी वाटली. खेळाडूने ऐकायचं नसतं, खेळायचं असतं, असलं काहीतरी मी तेव्हा मनाशी म्हणालेही.

रविवार. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत आई-बाबा, मागे माझ्या बारा मुली पांढऱ्या कपड्यांत, आतल्या स्वयंपाकघरात नेहमीप्रमाणे मंगलकाकू साबुदाण्याच्या खिचडीवर. कुमुद मॅडमना मी मधल्या खुर्चीवर बसवलं आणि माइक हातात घेतला.

काय बोलले म्हणता? मी ऐकलं असतं तर मीच टाळ्या वाजवल्या असत्या. अंगावर काटा आणणारं!

"या शहराने एक अष्टपैलू खेळाडू देशाला दिली, आणि मग तिचं काय झालं? लग्न झालं! एका घराने तिला गिळून टाकलं! तिच्या हातातली बॅट काढून झारा दिला! कोण आहेत ती माणसं? याच गावात राहतात ना? त्यांना लाज कशी वाटत नाही?"

बाबा बुटांकडे पाहू लागले. मला वाटलं, हेलावले. आई डोळ्यांनी काहीतरी खुणावत होती. मला वाटलं, पदर नीट कर म्हणतेय. बाबा अर्धे उठून म्हणाले, "मुग्धा, ऐक जरा..."

"मध्ये बोलू नका, बाबा! हेच, हेच करत आलात तुम्ही लोक!"

मी विजयाने माइक कुमुद मॅडमच्या हाती दिला.

"नमस्ते," त्या म्हणाल्या. "बिटिया बहुत अच्छा बोलती है. रुकती नहीं है. मैं सागर शहर की हूँ, और मैं खो-खो खेलती थी. बल्ला तो मैंने ज़िंदगी में नहीं पकड़ा. दो बार बताने की कोशिश की."

आधी मागून एक मुलगी फिस्सकन हसली. माझीच. मग सगळा हॉल.

अण्णा उठले. "मुग्धा, तुला क्रिकेटवाली कुमुद पाहिजे होती ना? ती तर आतमध्ये आहे, झारा घेऊन." आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "मंगलवहिनी! बाहेर या हो, तुमचा सत्कार आहे!"

आतून आवाज आला, "थांबा, खिचडी खाली लागून राहिली!"

"काकू? पण त्या तर मंगल..."

"लग्नात तांदळात नाव लिहितात, माहीत आहे ना तुला? ताटात तांदूळ पसरून, अंगठीने? तसं मंगल लिहिलं तुझ्या काकाने. मी जिलब्या खाल्ल्या त्या लग्नात," अण्णा म्हणाले.

मी शेवटचा वार केला. "पण का बदललं नाव? कोण ही मागासलेली माणसं?"

"काय करतात मग? तुझ्या आजीचं नाव पण कुमुदच. घरात दोन कुमुद. एकीला हाक मारली की दोघी यायच्या."

आजीचं नाव कुमुद? मी जन्मभर तिला आजी म्हटलं. दिवाणखान्यातल्या फोटोखाली नाव लिहिलंय, पण त्यावर चंदनाचा हार पडलेला असतो. हार बाजूला करून कोण वाचतं?

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. अण्णांनी शाल घातली, नारळ दिला. माइक धरायची त्यांना सवय नव्हती, झाऱ्यासारखा धरला.

"मुग्धा चांगलं बोलली," त्या म्हणाल्या. "पण बॅट कोणी काढून नाही घेतली. लग्नानंतर दोन सीझन खेळली मी. संघात जुनंच नाव होतं, पेपरात तेच यायचं. ट्रंक उचलून सासरे स्टेशनवर यायचे. रिझर्वेशन नसायचं, दाराशी ट्रंकेवर बसून जायचो आम्ही. पॅडच्या दोनच जोड्या साऱ्या संघात. आऊट होऊन आलेली सोडायची अन् जाणारी बांधायची. परदेशात गेलो तर थंडीने बोटं वळेनात. तर मी काय करायची, ओव्हर संपली की बॉल काखेत धरायची. अंपायर म्हणाली, हे काय? मी म्हटलं, मॅडम, पोळ्या गरम ठेवतो आम्ही अशाच."

हॉल हसून लोटपोट. मी सोडून.

"मग गुडघा गेला. थांबवलं कोणी नाही," काकू म्हणाल्या. "पण नंतर कोणी विचारलं पण नाही. तुझ्या काकांनी नाही, मंडळानं नाही. तू पण नाही."

अण्णा पुन्हा चष्मा पुसू लागले. ते सोळा जण आपापल्या चपला बघू लागले. पहिल्यांदाच मला त्या सोळा जणांत आपली सतरावी खुर्ची दिसली.

पण मैदान! मी भानावर आले. "अण्णा, मंचावर आल्या ना त्या? मग मैदान मुलींचं!"

"तू कुठं आणलं?" अण्णा म्हणाले. "तू तर खो-खोवाली आणली. ह्या दर वर्षी येतात, खिचडी घेऊन."

मागे माझ्या बारा मुली रडवेल्या झाल्या. मी अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून उभी राहिले.

"टिन राहू द्या, अण्णा," काकू म्हणाल्या. "मैदान पोरींना द्या. उद्यापासून मी येते शिकवायला. ह्या कुमुदताई पण येतील, पोरी पळण्यात कच्च्या आहेत."

"ज़रूर," कुमुद मॅडम म्हणाल्या.

मैदान मिळालं. टाळ्या, खिचडी, सगळं झालं. आता रोज सहाला काकू साडीखाली बूट घालून येतात, आणि मुली माझ्याकडे ढुंकून पाहत नाहीत. परवा सराव सामना होता. काकूंनी फील्डिंग लावली. विद्यापीठाची खेळाडू म्हणून मी आपली ऐटीत स्लिपमध्ये जाऊन उभी राहिले.

"तू नाही. तू थर्ड मॅनला जा," काकू म्हणाल्या. म्हणजे विकेटकीपरच्याही मागे, पार सीमारेषेवर, कचराकुंडीच्या बाजूला.

"पण काकू, तिकडे तर बॉलच येत नाही!"

"हो. अन् तिकडून आवाजही येत नाही."