अमडापूरचं पिंप थांबेना

निखिलच्या वडिलांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा खात होतो. "पोरा, त्याचं ते पिंप अजून चालू आहे," काका म्हणाले. "बुडबुडे येऊन राह्यले. झालं हे कसं समजते, मले सांग. मंग बाटल्यांत भरतो."

निखिलला जाऊन दीड महिना झाला होता. अंधारात रस्त्यावर उभी ट्रॅक्टरची ट्रॉली, मागे ना दिवा ना काही, आणि याची बाईक सरळ तिच्यावर. पुण्यात माझ्या गच्चीवर आम्ही दोघं घरी बीअर करायला शिकलो. पुढे घरून काम मिळालं म्हणून तो गावी, अमडापूरला परतला आणि तिथेही पिंप मांडून बसला. शेवटची बीअर त्याने अपघाताच्या आठवड्यातच लावली होती. ती दोन-तीन आठवड्यांत आंबून शांत व्हायला हवी. दीड महिना बुडबुडे? छे! आंबणं अर्धवट असताना बाटलीचं तोंड बंद केलं की आत गॅस साठत जातो आणि काच फुटते. त्या घरात म्हातारी दोनच माणसं. "भरू नका काका, मी येतो," म्हटलं.

तिकडे जाणार असाल तर ऐका. पुण्याहून जाणाऱ्या सगळ्याच गाड्या नांदुऱ्याला थांबत नाहीत, आधी बघून घ्या. मी उतरलो तेव्हा स्टेशनबाहेर पोह्यांवर तर्री ओतणं चालू होतं. एरवी मी दोन प्लेटा हाणल्या असत्या, त्या दिवशी अर्धी टाकली. तिथून खामगाव, मग अमडापूरवरून चिखलीकडे जाणारी एसटी. तिकीट शंभराच्या आत, खिडकी मात्र नशिबावर. दोन्हीकडे तूर उभी होती. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कोणाकडे जाऊन राह्यले?" मी काकांचं नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, "हाव, तो पोरगा," एवढंच म्हणाले. वाटेतल्या प्रत्येक ट्रॉलीकडे मी बघत होतो. ती ट्रॉली कुठे उभी होती, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

काका तहसीलमधून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. रोज पूजा, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. पोराच्या बीअरवरून त्यांनी वर्षभर अबोला धरला होता, हे निखिलने मला हसत सांगितलं होतं. आता तेच काका मला हाताला धरून मागच्या खोलीत घेऊन गेले. कोपऱ्यात पांढरं पिंप, झाकणावर पाणी भरलेली वाकडी नळी, तिच्यातून गॅस बाहेर पडतो. गुडूप. गुडूप. समोर एक खुर्ची.

"इथंच बसतात," काकू दारातून म्हणाल्या. "चहाबी इथंच द्या लागते."

मी काकांना नीट समजावलं. बुडबुड्यांवर भरवसा ठेवायचा नसतो. गारठ्यात ते आपोआप थांबतात, ऊन चढलं की संपलेल्या बीअरमधूनही येतात. खरं काय ते हायड्रोमीटर सांगतो. काचेची नळी, बीअरमध्ये तरंगते. साध्या पाण्यात एक हजार दाखवते, साखर असेल तितका आकडा वर. यीस्ट साखर खातं तसा आकडा उतरतो. एक दिवस सोडून पुन्हा मोजायचं, आकडा हलला नाही तर काम संपलं, मग बाटल्या भरायच्या. संध्याकाळी आकडा आला एक हजार अठरा. जेवायला भाकरी, ठेचा आणि पातळ वरण होतं. निखिलच्या जागेवर कोणीच बसलं नाही.

मला राहवेना, सकाळीच पुन्हा मोजलं तर एक हजार चोवीस.

मी हायड्रोमीटर झटकला, पाण्यात घालून बघितला, तिथे बरोबर एक हजार. आकडा खाली येतो किंवा थांबतो, वर कसा जाईल? वासही आंबूस येत होता, झाकण वारंवार उघडल्यावर येतो तसा. घोटभर चाखली तर तोंड वाकडं झालं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंचा वैतागलेला आवाज आला, "अवो, गूळ सरला पुन्हा!"

मी काकांकडे बघितलं. ते पिंपाकडे बघत होते.

"काका, यात गूळ घालता तुम्ही?"

"आवाज कमी झाला का घालतो."

"काऊन पण?" माझ्या तोंडून 'का' ऐवजी निखिलचाच शब्द निघाला.

"त्यानं चालू केलेलं एवढंच राह्यलं ना बे!" काका ओरडलेच. मग आवाज खाली आला. "वर्षभर बोललो नाही मी त्याच्याशी. ह्या पिंपापायी. आता हे बंद पडू देऊ? तूच सांग."

काकू दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी म्हटलं, "काका, गूळ कितीही घाला, शेवटी यीस्ट स्वतःच केलेल्या दारूत मरतं. आज ना उद्या थांबणारच." हे बोलायलाच मी आलो होतो की काय असं वाटलं, आणि स्वतःचा राग आला.

निघताना हायड्रोमीटर त्यांच्याकडेच ठेवला. परतीच्या प्रवासाचं काही लिहिण्यासारखं नाही, गाडी उशिरा होती.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "थांबलं वाटते. गूळ नाही टाकला. डब्यापर्यंत गेलतो, वापस आलो."

"आकडा?"

"एक हजार आठ."

त्याच्या खाली ते आता काय जाणार होतं? पण नियम तो नियम. "परवा पुन्हा बघा. तोच आला तर संपलं म्हणायचं."

"मंजे आज पक्कं नाही?"

"आज नाही, काका."

"बरं, बरं," ते म्हणाले, आणि त्या आवाजात इतका जीव आला की मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडलो. गेल्या वर्षभरात इतके किल्ले, इतके घाट फिरलो, त्यातलं काही आठवत नाही. ती खुर्ची आठवते.

दोन दिवसांनी सकाळी पुन्हा फोन. "आठच आहे."

"मग भरा. काचेच्या नको, सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या घ्या. आणि भरताना प्रत्येकीत एक छोटा चमचा साखर घालायची. आत उरलेलं यीस्ट तेवढी खातं, त्यानं फेस येतो."

"मंजे अजून एकदा घालाची?"

"हो. त्यानंतर नाही."

फोन कानापासून लांब गेल्याचा आवाज आला. मग काका काकूंना म्हणाले, "अवं, साखरेचा डबा आण."