नानांनी न सांगितलेला शब्द

मे महिन्यातल्या दुपारी, अमळनेरात कुत्रीसुद्धा गटाराच्या ओल्या कडेला पडून धापा टाकत असताना, आमचे शेजारी नाना काळा कोट, काळी पँट, पांढरा शर्ट आणि काळा टाय अशा थाटात घराबाहेर पडायचे. हातात चपटी, काळी, चामड्याची पेटी. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात कोट घालणारे दोनच जण, कोर्टातले वकील आणि लग्नातला नवरदेव. नाना यांपैकी कुणीच नव्हते. तेलाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. निवृत्तीनंतरही महिन्यातल्या एका शनिवारी ते असे नटून भुसावळची गाडी पकडायला निघत. "नाना, कुठे निघालात?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "बांधकामावर."

आता मला सांगा, टाय लावून कोण बांधकामावर जातं? मी शाळेत गणित शिकवते. कोडं कितीही अवघड असो, उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेलं असतं, अशी माझी आयुष्यभराची श्रद्धा. नानांनी तिची पार वाट लावली.

नाना फ्रीमेसन होते. म्हणजे नक्की कोण, हे इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहूनही मला धड सांगता यायचं नाही. त्यांच्याकडून कळलं ते असं. फार पूर्वी विलायतेत चर्च बांधणाऱ्या पाथरवटांचे संघ होते. त्यांच्या आपसातल्या खुणा होत्या, परवलीचे शब्द होते. पुढे दगडाला कधी हातही न लावलेले लोक त्यांत शिरले, आणि पाथरवटाची हत्यारं माणूस घडवायची हत्यारं ठरली. साहेबाबरोबर रेल्वे आली, रेल्वेबरोबर ही मंडळी भुसावळला आली. साहेब गेला. मंडळी राहिली, आणि त्यांत आमचे पाटलांचे नाना! पेटीत एक पांढरा कातडी एप्रन असायचा. कोटाच्या आतल्या बाजूला परकार आणि गुण्याचं चिन्ह असलेली टाचणी. परकार-गुण्या मी रोज फळ्यावर वापरते, पण त्यांच्याशी माणसाच्या चारित्र्याचा काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"बाई, गुण्या आधी स्वतःला लावून बघायचा, मग शेजाऱ्याला," ते म्हणत. नाहीतर, "भिंतीला लावलेला ओळंबा कुणाची भीड धरत नाही." माझा मुलगा दहावीला नापास झाला तेव्हा घरात सुतक होतं. नाना आले, पाटावर बसावं तसे सोफ्यावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "भिंत पडली नाही, बाई. एक थर वाकडा गेलाय. उतरवू, परत लावू." आणि रोज सकाळी त्याला रसायनशास्त्र शिकवायला येऊ लागले. तो पास झाल्यावर मी पेढे घेऊन गेले, तर यांनी पेढा आपल्या बायकोच्या हातावर ठेवला आणि विषयच बदलला. असा हा माणूस. त्याच्यावर रागवायचं तरी कसं?

पण अक्का रागवायच्या. अक्का म्हणजे नानांची बायको. भडगावकडच्या शेतकरी घरातली, बोलायला रोखठोक. या मंडळींच्या जमायच्या जागेला लॉज म्हणतात. सुरुवातीला नाना "लॉजला जातो" म्हणून सांगत, तेव्हा तर घरात काय महाभारत झालं असेल याची कल्पना करा. तो गैरसमज मिटला तर दुसरा आला. भुसावळचे रिक्षावाले त्या इमारतीला जादूघर म्हणतात. आत माणसाचे डोळे बांधतात, गळ्यात दोर टाकतात, कवटी ठेवतात, असं कुणीतरी अक्कांच्या कानावर घातलं. त्यांनी नवऱ्याला विचारलं. नाना म्हणाले, "वाईट काहीच नाही. पण तिथला शब्द सांगायचा नाही, अशी शपथ आहे."

"तठला बठ्ठा लोकस्ले माहीत शे, त्यास्ना जोडीदार त्या सलीमभाईले माहीत शे, आनि घरनी बाईले नही?" अक्का मला म्हणायच्या. "बाई, तुम्ही शिकेल शेतस. तुम्हीच इचारा."

विचारलं. नाना काही हातचं राखून बोलले असं मला वाटलं नाही. काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी असते म्हणाले, आयुष्यही तसंच म्हणून. मध्ये गीता, कुराण, बायबल शेजारी शेजारी उघडून ठेवतात. धर्म आणि राजकारण यांवर आत बोलायला बंदी. (हे ऐकून मला वाटलं, अशी एक खोली आमच्या स्टाफरूमशेजारीही हवी.) "मग लपवता काय?" मी म्हटलं. नाना ताकास तूर लागू देईनात.

मग मीच मोबाइल काढला. बघते तर काय, सगळं तिथे! हात कसा मिळवायचा, शब्द कोणता, कुठल्या पायरीला काय विचारतात, सगळं. मी विजयी मुद्रेनं मोबाइल नानांपुढे धरला. "हे बघा. जगजाहीर आहे. आता सांगून टाका अक्कांना!"

नानांनी मान दुसरीकडे फिरवली. "तुम्हाला कळलं, बाई, म्हणून मी सांगितलं असं होत नाही," ते म्हणाले.

माझ्या डोक्याचं दही झालं. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते गुपित कसलं? आणि गुपित नसेल तर ते राखायचं कशाला? मी अक्कांना मोबाइल द्यायला गेले, तर त्यांनी हात मागे घेतला. "तो डबा माले नको. माले त्यास्ना तोंडातून ऐकनं शे." झालं! दोघंही एकाच मातीचे. मी हात टेकले.

मागच्या वर्षी नानांचं हृदय थकलं. धुळ्याच्या दवाखान्यात मी अक्कांबरोबर होते. डॉक्टरांनी आशा ठेवू नका असं सांगितलं होतं. अक्कांनी नानांच्या कपाळावरून हात फिरवला आणि इतकंच म्हणाल्या, "आते तरी सांगा." मला वाटलं, सांगेल हा माणूस. आता कोण अडवणार आहे? नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ते मन्हं नही शे, तुले देवाले," ते म्हणाले. माझं नाही ते तुला कसं देऊ! अक्का खिडकीशी जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या. मला नानांचा इतका राग आला की काय सांगू, आणि त्याच वेळी त्यांचे पाय धरावेत असंही वाटलं. दोन दिवसांनी नाना गेले.

अमळनेरला घरासमोर तिरडी बांधून झाली होती. गावाकडून नानांचे भाऊबंद आले होते. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक गाडी थांबली. काळे कोट, पांढरे हातमोजे घातलेले तीन म्हातारे उतरले. पुढे सलीमभाई, जळगावचे हार्डवेअरचे व्यापारी, नानांचे त्या मंडळीतले जुने सोबती. त्यांनी नानांना नमस्कार केला, खिशातून एक हिरवी डहाळी काढली आणि नानांच्या छातीवर ठेवायला वाकले. बाभळीची डहाळी. बोटभर काट्यांची.

"ओ चाचा!" नानांचा पुतण्या बापू ओरडला. "मढावर बाभूयना काटा? करनी करतस का?" खांदेकरी मागे सरले. कुणीतरी म्हणालं, जादूघरवालेच हे, आणि पाच-सहा जण सलीमभाईंच्या अंगावर आले. सलीमभाई डहाळी तशीच हातात धरून जागच्या जागी उभे राहिले.

अक्का बायकांतून उठून आल्या. बापूला एका हातानं बाजूला सारलं. "भाऊ," त्या सलीमभाईंना म्हणाल्या, "हाई काय शे? हे सांगता येस का, का हे बी शपथमा शे?"

सलीमभाई अक्कांकडे वळले. "एवढं सांगतो, भाभी. सुलेमान बादशाहानं मोठं देऊळ बांधायला घेतलं. त्याचा एक मुख्य कारागीर होता. त्याच्याकडे एक शब्द होता. तिघांनी त्याला दरवाजात गाठलं, म्हणाले, शब्द सांग. त्यानं नाही सांगितला. त्यांनी त्याचा जीव घेतला आणि त्याला माळावर पुरलं. शोधायला गेलेल्यांना तिथे बाभळीची डहाळी दिसली. म्हणून आमच्यातला गेला की ही ठेवतो. हिरवी राहते म्हणून."

अक्का डहाळीकडे बघत राहिल्या.

"मंग मी बी त्या तीन जणस्मातलीच ना?" त्यांनी विचारलं. "मी बी रोज दरवाजामा उभी राहीसन तेच इचारं."

"नाही, भाभी, नाही," सलीमभाई म्हणाले, आणि त्यांनी डहाळी अक्कांपुढे धरली.

अक्कांनी डहाळी त्यांच्या हातातून घेतली. तिथेच, तिरडीशेजारी, जमिनीवर बसल्या आणि एकेक काटा मोडू लागल्या. उन्हात माणसं ताटकळत होती, भटजी घड्याळ बघत होते, पण घाई करा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. बोटाला रक्त आलं ते त्यांनी पदराला पुसलं. शेवटचा काटा निघाला तशी त्यांनी डहाळी नानांच्या छातीवर ठेवली, वरून पांढरं कापड सारखं केलं.

"नही सांगं, चांगलं करं," त्या नानांना म्हणाल्या. सांगितलं नाहीत ते चांगलं केलंत! आणि लगेच हंबरडा फोडून तिरडीवर हात आपटला, "पन एकदाव माले सांगतात तं काय बिघडतं हो?"

बापूनं डोळे पुसले, पुढच्या बाजूला खांदा दिला आणि सलीमभाईंना म्हणाला, "चाचा, तुम्ही या बाजूले या."