नवीनच घ्या

बदलीच्या गावी भिंतीत खिळा ठोकू नये, हा बँकेतल्या आम्हा बदलीवाल्यांचा अलिखित नियम. चेन्नईत मी तो दोन वर्षं कटाक्षाने पाळला. वेस्ट मांबलमच्या दोन खोल्यांत घडीची खाट, एका बर्नरची शेगडी आणि कपड्यांना दोरी, एवढाच माझा पसारा. कॅलेंडरसुद्धा खिडकीच्या गजाला बांधलेलं. बायको आणि मुलगी साताऱ्याला होत्या. बायकोची शाळेतली नोकरी, मुलीची दहावी, त्यामुळे त्यांनी इकडे यायचा प्रश्नच नव्हता. मी परत जायचं, एवढंच ठरलेलं. तसा अर्जही केला होता आणि तो कुठल्यातरी फायलीत निवांत पडला होता.

घरून एकच जड वस्तू आणली होती, जुना कॉम्प्युटर. रविवारी सकाळी दहाला त्यावर कॅमेरा लावून मी दोघींशी बोलायचो. बोलायचो कसला, चित्र अडकायचं. मुलीचं तोंड उघडंच राहायचं आणि आवाज दोन वाक्यं पुढे गेलेला असायचा. बायकोच्या चेहऱ्याचे तर नुसते चौकोन दिसायचे. शाखेत कॉम्प्युटरचं बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "मेमरी फार कमी आहे सर, वाढवून घ्या."

म्हणून एका शनिवारी, अर्ध्या दिवसाची बँक सुटल्यावर, बसने माउंट रोडला उतरून रिची स्ट्रीटच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. दुकानदाराने काचेवर मेमरीच्या दोन हिरव्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक जुनी डीडीआर, एक नवी डीडीआर-टू. मला दोन्ही सारख्याच दिसत होत्या. त्याने बोटाने खाच दाखवली. दोन्हींची खाच वेगळ्या जागी होती, म्हणजे नवी माझ्या मशीनमध्ये बसणारच नव्हती. जुनी बसली असती, पण तिचा माल आता येईनासा झालेला, म्हणून तीच महाग! मुरलं की भाव चढतो हे लोणच्याचं ठाऊक होतं, यंत्राचं पहिल्यांदाच ऐकलं. त्याचा सल्ला सरळ होता: अख्खा डबाच बदला, नवा घ्या.

मी घुटमळतोय हे बघून त्याने विचारलं, "एत्तनै वर्षम्, सार?" किती वर्षं वापरणार?

बसच्या कृपेने मला तमिळमधले दहापर्यंतचे आकडे येत होते. त्यातला एकही तोंडातून निघेना. "घरी विचारून सांगतो," म्हणालो. त्याने शहाण्या नवऱ्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

रविवारी बायकोला सगळं सांगितलं, खाचेसकट. खरं तर मला मेमरीबद्दल काहीच विचारायचं नव्हतं. 'आता येणारच आहात ना, मग कशाला नवीन? चालवा तेच,' एवढं तिच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यासाठी मी गळही टाकला. "जुन्यावर सहा महिने सहज निघतील. नवीन घेतला तर पाच-सहा वर्षं बघायला नको."

चित्र अडकलं. आवाज मात्र स्वच्छ आला.

"नवीनच घ्या."

"अगं, पण एवढं धूड परत आणायचं म्हणजे..."

"आत्ता कुठे आणायचंय? अहो, सारखं तात्पुरतं, तात्पुरतं काय करता? तिथे नीट राहा ना जरा."

यात वावगं काहीच नव्हतं. काळजीनेच बोलली ती, आणि तेच मला लागलं. आठवडाभर मी धुमसत होतो. शाखेत शिपायावर डाफरलो, दोनदा भात करपवला आणि तो करपलेला भात हट्टाने खाल्ला. हे सांगायला दुसरं कोणी नव्हतं.

पुढच्या शनिवारी जाऊन जुनी पट्टी घेतली. दुकानदार म्हणाला, "घरी ओल्डच सांगितलं, सार?" मी मान डोलावली. घरी येऊन डबा उघडला, पट्टी दाबून बसवली. दोन्ही बाजूंचे चाप लागल्याचा टक् आवाज झाला तेव्हा लहान मुलासारखा आनंद झाला, खोटं कशाला सांगू!

रविवारी चित्र सरसर चालू लागलं. दोन वर्षांत पहिल्यांदा पडद्यावर बायकोचा चेहरा सलग दिसला. जरा वाळली होती. मागच्या दांडीवर माझा टॉवेल नव्हता, मुलीचा दुपट्टा होता.

"किती छान दिसताय आज! नवीन घेतलात ना?"

"हो," मी म्हणालो.

"बरं झालं बाई." तिचे खांदे सैल झाले. तिने मुलीकडे बघितलं, मुलगी तिच्याकडे बघून हसली आणि दोघी पुन्हा माझ्याकडे वळल्या. सगळं अर्ध्या मिनिटात झालं. आधीच्या रविवारी याचे नुसते चौकोन दिसले असते आणि मी त्यात मला हवं ते बघितलं असतं. सतरा वर्षं संसार केलेल्या माणसाला बायकोचं हायसं वाटणं ओळखू येतं. माझ्या येण्याची त्या वाट बघत नव्हत्या. दर रविवारी मी परत येण्याचा विषय काढायचो, तो एकदाचा मिटला याचं त्यांना बरं वाटत होतं.

दुपारी शेजाऱ्यांकडून हातोडी मागून आणली आणि कॅलेंडर गजावरून सोडवलं. भिंत पक्की निघाली. दोन खिळे वाकले, तिसरा बसला.