माझ्याच फोल्डरला हात लावला म्हणून

"कोणाला विचारून हात लावलास?"

सर खुर्चीतच होते. मी उभी. त्यांचे दोन विद्यार्थी माना खाली घालून ऐकत होते.

"हा तुमचा मासळीबाजार नाही, मनाला येईल तसं करायला. कोट्यातून शिकलं की असंच होतं."

माझं वय शेहेचाळीस. सर दहा वर्षांनी लहान. तरी एकेरीच.

मी म्हणाले, "चुकलं, सर."

काय चुकलं होतं? हात मी माझ्याच फोल्डरला लावला होता.

दातिवऱ्याच्या मांगेल्या कोळ्यांची मी मुलगी. बोईसरजवळच्या एका संशोधन संस्थेत कंत्राटी तांत्रिक सहायक. सर तिथले शास्त्रज्ञ. तिथं सगळ्यांचा मिळून एक मोठा संगणक आहे. त्यावर 'आर' नावाच्या भाषेत आकडेमोड चालते. तिला लागणारी पॅकेजं, म्हणजे आयती अवजारं, सामायिक जागेत टाकायचा अधिकार फक्त प्रशासकाला. नकाशांची पॅकेजं टाकून द्या म्हणून मी त्याला किती विनवलं. त्याचं उत्तर एकच, "ज्याला हवीत त्यानं आपल्या फोल्डरमध्ये टाकावीत." टाकली. एक बसवावं तर ते दुसरं मागायचं, दुसरं तिसरं. सगळं जमवलं. मग सरांच्या विद्यार्थ्यांनी न विचारता माझ्या फोल्डरचा पत्ता आपल्या प्रोग्राममध्ये घातला. सरांचं काम माझ्या पॅकेजांवर चालू लागलं. मला कळलं होतं. बोलले नाही. खरं सांगते, बरं वाटलं. आपलं काहीतरी यांना लागतंय.

त्या दिवशी मी त्यातल्या एका पॅकेजची नवी आवृत्ती बसवली. गावासाठी. खाडीतली मासळी कुठं, किती घटली, ही माहिती माझ्या दादानं वर्षभर होड्याहोड्यांवर फिरून जमवली होती. दुसऱ्या सकाळी मासळी घटल्याची तक्रार ऐकायला गावात अधिकारी येणार होते. त्यांना दाखवायचा नकाशा जुन्या पॅकेजात निघत नव्हता. नवं बसवलं, आणि जुन्यावर चालू असलेलं सरांचं काम मधेच बंद पडलं.

"जुनं परत टाक. माझं पुरं होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही."

टाकलं.

नवं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवता आलं असतं. दोन्ही चालली असती. मला येत होतं. पण घाबरले. पिशवी उचलली नि घरी गेले.

सकाळी अधिकाऱ्यांची बैठक गावच्या शाळेच्या वर्गात होती. दादानं मोबाइलमधली माहिती पुढं केली. अधिकारी म्हणाले, "यातून आम्ही काय समजायचं?"

दादा हसला. "थांबा सायेब. माजी बहीण मोठ्या संगणकावर काम करते. नकाशा हाय तिच्याकडं. दाखव, बाय."

"नाही झाला."

मागून कुणी बोललं, "ती आता सायबांची झाली रे." लोक हसले. दादा हसला नाही.

अधिकारी निघून गेले. घरी जाताना दादानं विचारलं, "तुला कोन काय बोलला का?"

"नाय."

"मंग आमचंच काम तेवढं रायलं?"

झालेला अपमान सांगायची लाज वाटली. त्यापेक्षा त्याचं मन मोडणं मला सोपं गेलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

कामावर परत गेले त्या दिवशी फोल्डर इतरांसाठी बंद केला. तासाभरात सर माझ्या टेबलाशी.

"उघड तो."

"नाही उघडणार. सामायिक जागेत पॅकेजं टाकायला तुम्ही प्रशासकाला सांगा. आणि माझ्याशी अहो-जाहो बोला."

"कंत्राट संपत आलंय. लक्षात आहे ना?"

"आहे."

नकाशा मी त्याच दिवशी काढला. दादापुढं ठेवला. त्यानं पाहिला नाही. अजून कामापुरतंच बोलतो. अधिकारी परत आलेले नाहीत. आता मीच नकाशा घेऊन त्यांच्या पालघरच्या कार्यालयात जाते. बाकावर बसवून ठेवतात, पुढच्या आठवड्यात या म्हणतात. मी पुढच्या आठवड्यात जाते. नोकरी गेली तरी जाणार. दादा सोबत येवो, न येवो.