धुतलेला बर्फ

"सोप्पं आहे हो, वहिनी," असं म्हणून शेजारचे भाऊजी उजव्या हाताची बाही कोपराच्या वर सारायचे. ती बाही वर गेली, की आमच्या ओळीतल्या बायका एकमेकींकडे बघायच्या, कारण त्यानंतर काहीतरी हमखास बिघडायचं. माझा स्टोव्ह त्यांनी असाच दुरुस्त केला होता. स्टोव्ह पेटला खरा, पण जोडून झाल्यावर दोन भाग जमिनीवर उरले. ते माझ्या हातात ठेवून म्हणाले, "हे जास्तीचे होते." तुमच्या वाट्यालाही असा एखादा शेजारी आला असेल, तर पुढचं समजायला तुम्हाला वेळ लागणार नाही.

तारापूरला विजेचं मोठं काम चाललं होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. कुठकुठली माणसं नोकरीसाठी बोईसरला येऊन पडली होती. आम्ही सालवडला एका कौलारू ओळीत भाड्याने राहत होतो. आमचे हे कामावर नकाशे काढत आणि शेजारच्या खोलीतले भाऊजी स्टोअरमध्ये कारकून होते. सगळे पुरुष सकाळी उठून देशासाठी वीज तयार करायला जात आणि संध्याकाळी घरी येऊन कंदिलाच्या काचा पुसत. विजेचा खांब आमच्या ओळीपर्यंत अजून आला नव्हता.

भाऊजी मूळचे कराडकडचे. लग्न झालेलं, पण बायको माहेरी. लग्नानंतर पावसाळ्यात ती एकदा इथे आली होती आणि चार दिवसांत परत गेली. तिच्या घरात कांदासुद्धा चतुर्मासात वर्ज्य, आणि इथे वारा किनाऱ्यावरच्या नवापूरकडून सुटला की सुकवून साठवलेल्या बोंबलांचा वास उशीपर्यंत येणार. त्यात विहिरीचं पाणी मचूळ. तिने जेवणच सोडलं. जाताना म्हणाली, नोकरी तुमची आहे, नाक माझं आहे. हे वाक्य भाऊजींनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांना तिचं थोडं कौतुकही वाटत होतं असं मला दिसलं.

पुढच्या उन्हाळ्यात सासऱ्यांचा निरोप आला. मुलीला आठ दिवस पाठवतो. तिचं मन रमलं तर ठीक, नाहीतर आठव्या दिवशी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन जाईल, आणि जावईबापूंनीही नोकरी सोडून गावाकडे यावं, आमच्या दुकानात बसावं. सासऱ्यांच्या दुकानात बसायचं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. भाऊजी त्या दिवशी पिठलं करपवून उपाशी झोपले.

दुसऱ्या दिवशी मात्र बाही वर गेली. कामावरच्या एका गोऱ्या साहेबाच्या घरी काही सामान पोचवायला ते मागे गेले होते. तिथे त्यांना काचेच्या पेल्यात एक पदार्थ मिळाला होता, फ्रूट कॉकटेल. फळांच्या फोडी, रस, साखरेचा पाक, आणि सगळं गोठलेलं. चमचा घातला की कुरकुरायचं. तेच आपण घरी करायचं, असं त्यांनी ठरवलं. त्यांचं म्हणणं असं, की इथली फळं एकदा तिच्या तोंडाला लागली की मासळीचा वास कुठल्या कुठे जाईल. मी विचारलं, साहेबाच्या स्वयंपाक्याने कृती काय सांगितली? "फळं कापायची आणि पेटीत ठेवायची. सोप्पं आहे हो." ती पेटी विजेवर चालते, हे सांगायची त्या स्वयंपाक्याला गरज वाटली नसावी.

पेटी नाही तर बर्फ हवा. बर्फ नवापूरला यायचा, पण तो मासळीसाठी. तिथली एक कोळीण मावशी रोज आमच्या ओळीत मासळीची पाटी घेऊन यायची. भाऊजी मासे खात नव्हते, तरी टेकायला तिला त्यांचीच पडवी आवडायची, कारण ते न मागता पाण्याचा तांब्या आणून ठेवायचे. तिने आपल्या घरच्या बर्फातला एक मोठा तुकडा भुशात घालून, गोणपाटात गुंडाळून आणून दिला. गोणपाट सोडलं आणि आम्ही सगळ्याच जणी दोन पावलं मागे सरलो.

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतं? भाऊजींनी बर्फ धुवायला घेतला. आमच्याकडे मासळीचं भांडं जसं धुतात तसाच, आधी चिंच लावून, मग राख लावून, मग विहिरीचं पाणी ओतून. एक पाणी, दुसरं पाणी. दर पाण्याला वाकून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "अजून थोडा आहे." मावशी पाटी बाजूला ठेवून बघत बसली होती.

"अरे भाऊ," ती म्हणाली, "बरफ काय मासली हाय, धुवाला? वास जाईल, पन बरफ बी जाईल."

तसंच झालं. वास गेला तेव्हा हातात नारळाएवढा खडा उरला होता. तो बादलीत ठेवून त्यावर त्यांनी फळांचा डबा ठेवला. संध्याकाळी आम्ही थंडगार फ्रूट सॅलड खाल्लं. चांगलं झालं होतं, पण कुरकुरत नव्हतं.

माझ्या माहेरी पालघरला एका लग्नात मी आइस्क्रीमचा संचा पाहिला होता. मी म्हटलं, भाऊजी, बर्फात मीठ घालायचं असतं, त्याशिवाय गोठत नाही. त्यांना ते पटेना. गोड पदार्थाला मीठ कशाला? शेवटी मावशीनेही तेच सांगितलं, तेव्हा मिठागरावरून खडेमीठ आलं. या वेळी बर्फ न धुता डब्यालाच दोन फडकी गुंडाळली. फळं गोठली, पण डब्याचं झाकण ढिलं होतं. आत खारं पाणी शिरलं होतं. आमच्या ह्यांनी एक चमचा तोंडात घातला आणि चमचा हळूच खाली ठेवला. मग म्हणाले, लोणचं म्हणून उत्तम आहे. भाऊजी हसले, पण डबा घासताना त्यांचं तोंड उतरलेलं होतं. तिसऱ्या दिवशी ती यायची होती.

ती आली. सडपातळ, नाकाला पदर लावलेली. मी तिला पहिल्याच भेटीत जाऊबाई म्हटलं, कारण दिराची बायको ती जाऊ, आणि तेच नाव पुढे कायम राहिलं. वागायला गोड होती, पण जेवायला बसली की दोन घासांत उठायची. भाऊजींनी केळव्याहून केळी आणली, घोलवडचे चिकू आणले, तिला समुद्र दाखवून आणला. समुद्र मोठा आहे, एवढंच ती म्हणाली. बर्फ मात्र मिळेना. त्या आठवड्यात नवापूरला मासळी इतकी लागली, की येईल तो बर्फ पापलेटांबरोबर मुंबईला जायचा. भाऊजी रोज संध्याकाळी सायकल मारत जायचे आणि ओलं गोणपाट घेऊन परत यायचे. सोप्पं आहे, हे शब्द त्या दिवसांत मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत.

भाऊ न्यायला यायचा त्याच्या आदल्या दुपारी मावशी आली. डोक्यावर पाटी नव्हती, बर्फ होता. नवऱ्याशी भांडून आणला होता म्हणे. भाऊजींनी कामावरून अर्धी रजा काढली होती. मी वरवंट्याने बर्फ फोडला. चिकू, केळी, पपई, सोललेले ताडगोळे, वर कलिंगडाचा रस आणि पाक, असा डबा भरला. बादलीत बर्फ आणि मीठ यांचे थर दिले. मग त्यांनी उकिडवं बसून डबा फिरवायला सुरुवात केली. एक हात डब्याच्या गळ्याला, दुसऱ्या हाताचा तळवा झाकणावर दाबलेला, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत खाऱ्या बर्फात. झाकणाने पुन्हा दगा देऊ नये म्हणून. मी म्हटलं, थोडा वेळ मला द्या. आमचे हे कामावरून आले, त्यांनीही विचारलं. भाऊजींनी मान हलवली. आत जाऊबाई ट्रंक भरत होती. ते आवाज त्यांना ऐकू येत होते आणि आम्हालाही.

उन्हं कलली तेव्हा डबा उघडला. चमचा घातला आणि कुरकुरला. ओळीतली सगळी मंडळी पडवीत जमली होती. भाऊजी मागे हात बांधून उभे राहिले, समारंभाचे अध्यक्ष राहतात तसे. वाढलं मीच. पहिली वाटी जाऊबाईसमोर धरली.

"आधी ह्यांना द्या," ती म्हणाली. नवऱ्याआधी खायचं नाही, हा तिच्या घरचा रिवाज. भाऊजी म्हणाले, आज तू घे. ती म्हणाली, असं कधी झालंय का. ते म्हणतात तू, ती म्हणते तुम्ही, आणि वाटीत कडेकडेने पाणी सुटायला लागलं. मावशी उंबऱ्याबाहेर बसली होती. ती वैतागून म्हणाली, "खा गो बाय कोनीतरी. मी भांडून आनलाय तो."

जाऊबाईने वाटी नाकाजवळ नेली. बर्फाचा वास तर पडवीभर होता. तिने वास घेतला, पुन्हा घेतला, आणि वाटी भाऊजींच्या पुढे केली. "धरा," म्हणाली. आता त्यांना हात पुढे करणं भाग होतं.

ते हात मी आजही विसरलेले नाही. तळव्याची कातडी पांढरीफटक पडून सुरकुतली होती, बोटांच्या पेरांवर चिरा गेल्या होत्या आणि त्या चिरांत मीठ बसलेलं होतं. वाटी त्यांना धरता येईना. ती खाली ठेवून जाऊबाईने दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, उलटे केले, सुलटे केले.

"सोप्पं हाय गं," भाऊजी म्हणाले.

"हे सोप्पं व्हतं व्हय?" ती म्हणाली.

मी कोकमतेल आणायला धावले. तिने गोड्या पाण्याने ते हात धुतले, पुसले, चिरांमध्ये तेल भरलं. मासळीच्या बर्फातून निघालेले हात होते ते, पण तिचा पदर खांद्यावरच राहिला. आम्ही सगळे उगाच इकडेतिकडे बघत होतो. मावशी डोळे पुसत शिव्या देत होती, कोणाला ते कळलं नाही. या सगळ्यात फ्रूट कॉकटेलचं पार पाणी झालं. मग जाऊबाईने ते दोन पेल्यांत ओतलं, एक स्वतः धरून नवऱ्याला पाजला आणि दुसरा आपण प्याली. "असंच बरं लागतंय," एवढाच तिचा अभिप्राय.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला, चहा प्याला आणि चिकूंची पिशवी घेऊन एकटाच परत गेला. भरलेली ट्रंक रिकामी करायला मीच होते. मासळीचा वास तिला पुढेही आवडला नाही. वारा सुटला की ती खिडकी लावायची आणि मावशी आली की दार उघडायची.

त्यानंतर दर उन्हाळ्यात भाऊजी ते फ्रूट कॉकटेल करायचे. झाकणाला रबर बसलं, ओळीत वीज आली, पुढे घरात फ्रिजही आला. ते मोठ्या अभिमानाने गोठवायचे आणि जाऊबाई वितळेपर्यंत हात लावायची नाही. यावरून त्यांची दरवर्षी भांडणं व्हायची. "अगं, गोठवायला एवढी मेहनत करतो मी," ते म्हणायचे. "मग मी काय म्हणते, करू नका?" ती म्हणायची.

भाऊजी गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. तिने फ्रिजमधून दोन वाट्या काढल्या, चिकू, केळी, ताडगोळे, वर बर्फाची साय. मी चमचा उचलला.

"थांबा," जाऊबाई म्हणाली. "पाणी होऊ दे."

बाहेर वारा सुटला होता. तिने खिडकी लावली नाही. वाट्या मध्ये ठेवून आम्ही दोघी वाट बघत बसलो.